चौतीस खड्डे

तेजश्रीच्या साखरपुड्याच्या जेवणाचं काचीगुड्यात आठवडाभर कौतुक चाललं होतं, आणि त्याच आठवड्यात तिचे वडील हिम्मतराव रोज पहाटे पाचपासून गुडघे टेकून माती कुटत होते. दोन्ही गोष्टींचं मूळ एकच होतं.

झालं होतं असं, की हिमायतनगरातला हॉल त्यांनी दोन महिने आधी ठरवून ठेवला होता. कार्याला तीन दिवस उरले असताना हॉलवाल्याचा फोन आला. छतातून पाणी झिरपून विजेची सगळी वायरिंग जळाली होती. दुसरीकडे सोय बघा, म्हणाला. लग्नसराई ऐन भरात होती. तीनशे माणसं बसतील एवढी जागा तीन दिवसांत कुठून आणायची? हिम्मतरावांनी दिवसभर फोन फिरवले, बायकोची, त्रिवेणीबाईंची, बोलणी खाल्ली, आणि संध्याकाळी त्यांना एकदम सुचलं. मैत्री टेनिस क्लब! घरापासून दोनशे पावलांवर, चहूबाजूंनी भिंत, आत शिरायला फाटक, फाटकापाशी नळ. रोज सकाळी सहा वाजता ते तिथे डबल्स खेळत. क्लबचे सेक्रेटरीही तेच होते, त्यामुळे परवानगी मागायची त्यांनी आणि द्यायचीही त्यांनीच.

तेवढी एक अडचण होती. क्लबात कोर्ट एकच, तेही मातीचं, आणि ते एकतीस वर्षं सांभाळणारे लक्ष्मणराव चुलतभावाच्या घरभरणीला नांदेडला गेले होते. त्यांना फोन लावावा म्हणून हिम्मतरावांनी दोनदा हात खिशाकडे नेला आणि दोनदा मागे घेतला. लक्ष्मणराव नको म्हणणार हे ठरलेलं. मग विचारायचं कशाला? आल्यावर समजावून सांगू.

गुरुवारी कार्य झालं, आणि दृष्ट लागावी असं झालं. शुक्रवारी सकाळी मंडपवाले कनाती गुंडाळून, खांब उपटून निघून गेले, तेव्हा हिम्मतराव हातात चहाचा पेला घेऊन फाटकाशी उभे राहिले आणि चहा प्यायचं विसरून गेले.

खांब रोवायला मंडपवाल्यांनी पहारीनं हात हात खोल खड्डे घेतले होते. नेटच्या दोन्ही बाजूंना, सर्व्हिसच्या चौकोनांत, दोन्ही कडांच्या पट्ट्यांत, कुठंही. त्यांनी मोजले, चौतीस भरले. पलीकडच्या टोकाला, बरोबर बेसलाइनवर, आचाऱ्यांनी चुली मांडल्या होत्या. तिथं जमीन काळी पडली होती, आणि मिरचीच्या सालनाचं, त्या दाट रश्श्याचं, तेल सांडून दोन चटयांएवढा डाग चमकत होता.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय करायलात, सेक्रेटरीसाहेब?"

लक्ष्मणराव नांदेडच्या गाडीतून उतरून, हातातल्या पिशवीसकट स्टेशनावरून थेट इकडेच आले होते. सदुसष्ट वर्षांचा काटक माणूस, पांढरी टोपी, पायजम्याची घडी मोडलेली. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि अनवाणी कोर्टभर फिरले. प्रत्येक खड्ड्याजवळ थांबत होते. तेलाच्या डागापाशी उकिडवे बसले, चिमूटभर माती उचलून वास घेतला आणि परत आले.

"पोरीचं कार्य झालं का नीट?"

"हौ. म्हणजे, झालं चांगलं. लक्ष्मणराव, हॉलवाल्यानं ऐन वेळी धोका दिला हो. तुम्ही परेशान नका होऊ. दोन हमाल आणतो दुकानावरून. दुपारपर्यंत सगळं बुजवून टाकतो."

"बुजवा," लक्ष्मणराव म्हणाले, पिशवी उचलली आणि घरी निघून गेले.

बेगम बाजारात हिम्मतरावांचं घाऊक दुकान होतं. झाडू, सुतळी, बादल्या, ताडपत्र्या, म्हणाल ते. आजोबा उदगीरकडून येऊन इथं बसले, तेव्हापासूनची गादी. दुकानातल्या दोन हमालांनी वाळू आणि राडारोडा टाकून तीन तासांत चौतीस खड्डे बुजवले, वरून लाल माती पसरली आणि पायांनी दाबली. लांबून बघितलं तर काही झालंच नाही असं वाटत होतं. संध्याकाळी लक्ष्मणराव आले. खिशातून एक चेंडू काढून त्यांनी शाबूत जमिनीवर सोडला. तो कमरेपर्यंत उसळला. मग बुजवलेल्या जागी सोडला. चेंडू भाकरीच्या पिठात पडावा तसा पडला आणि तिथंच बसून राहिला.

"पुढल्या आठवड्याच्या रविवारी हिमायतनगरवाले येणारेत," लक्ष्मणराव म्हणाले. "नऊ दिवस हायेत."

हिमायतनगरच्या क्लबाशी दर फेब्रुवारीत डबल्सचे तीन सामने होत. सलग सहा वर्षं मैत्री क्लब हरला होता, आणि या वर्षी हिम्मतरावांनी साऱ्यांसमोर छाती ठोकून सांगितलं होतं की कप काचीगुड्यात आणणार.

"तुम्ही मनावर घ्या ना, लक्ष्मणराव. तुमच्याशिवाय कोण आहे?"

"मी नक्को. मी सांगतो, करायचं तुम्ही. हमाल नकोत, मजूर नकोत. पाच वाजता या." आणि जाता जाता म्हणाले, "पँट जुनी घाला."

हिम्मतराव अठ्ठावन्न वर्षांचे, वजन ब्याण्णव किलो. डबल्समध्ये ते नेटपाशी उभे राहत आणि हाताच्या टप्प्यात आलेल्या चेंडूचीच जबाबदारी घेत. बाकीचं कोर्ट जोडीदाराचं. जोडीदार होता किशोर, पुण्याहून दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या बदलीवर आलेला चाळिशीतला इंजिनिअर. त्याचं ऑफिसचं काम दुपारी सुरू होई, सकाळ मोकळी. हिम्मतरावांनी त्याला शुक्रवारी रात्री फोन केला. "किशोर, उद्या पाचला ये. रॅकेट नको आणू. घमेलं आण."

"घमेलं? काका, माझ्याकडे फ्लॅटमध्ये घमेलं कुठून असणार?"

"बरं, मी दुकानातून आणतो. तू हात घेऊन ये."

शनिवारी पहाटे पहिलं काम निघालं ते हमालांनी भरलेलं सगळं उकरून काढायचं. लक्ष्मणराव भिंतीलगतच्या बाकावर बसले आणि तिथून बोलू लागले. खड्डा नुसता भरायचा नसतो. आधी मोठा करायचा, कडा सरळ छाटायच्या, आतली भुसभुशीत माती खरवडून काढायची. मग पाणी शिंपडून ते मुरू द्यायचं. तळाला विटांचे तुकडे, त्यावर मुरूम, आणि प्रत्येक थर चार बोटांपेक्षा जाड नको. थर टाकला की धुम्मस घेऊन कुटायचं. सगळ्यात वर दोन बोटं चाळलेली माती, सुरखी मिसळून.

"सुरखी म्हणजे?" किशोरनं विचारलं.

"विटेची भुकटी," हिम्मतराव धापा टाकत म्हणाले. धुम्मस म्हणजे लाकडी दांड्याला बसवलेला लोखंडी ठोकळा. तो उचलून आपटताना त्यांचे दंड थरथरत होते. दहा वाजेपर्यंत चार खड्डे झाले. चौथा झाल्यावर लक्ष्मणराव उठून आले, टाच त्यावर जोरात दाबली, आणि म्हणाले, "ह्यो परत काढा."

"का?"

"खालचा थर कोरडा राहिलाय. आवाज ऐकला न्हाई का तुम्ही? पोकळ वाजत होता."

हिम्मतरावांना काहीतरी जहाल बोलायचं होतं. पण बोलायला श्वास उरला नव्हता, म्हणून त्यांनी खड्डा परत काढला.

घरी गेल्यावर त्रिवेणीबाईंनी त्यांच्या पाठीला तेल चोळलं आणि हसू दाबत विचारलं, "हमाल ठेवलेत ना दुकानात दहा?"

"त्यांच्यानं नाही होत."

"अन् तुमच्यानं होतंय?"

"एक झाला बरोबर," हिम्मतराव उशीत तोंड खुपसून म्हणाले. "तिसरा. लक्ष्मणराव त्याच्यावर काही बोलले नाहीत."

रविवारी अकरा खड्डे झाले, सोमवारी सगळे संपले. मधेच कुठंतरी हिम्मतरावांच्या कानाला फरक कळायला लागला. भरलेली माती आधी धप्प वाजते, मग हळूहळू तिचा आवाज वर चढतो, आणि एका घावाला धुम्मस हातातून उलट उसळतं. तो घाव आला की ते "हां!" म्हणत आणि पुढच्या खड्ड्याकडे सरकत. किशोरनंही "हां" शोधायला सुरुवात केली. दोघांत पैज लागू लागली, कोणाचा आवाज आधी येतो याची.

झाडूवरून मात्र नामुष्की झाली. हिम्मतरावांनी दुकानातून सहा प्रकारचे झाडू मोठ्या ऐटीत आणून लक्ष्मणरावांपुढे मांडले. लक्ष्मणरावांनी एकेक उचलून मातीवर फिरवला. "ह्यानं रस्ता झाडतेत. ह्यानं माती उडतेय. ह्यो गोठ्यात ठीक हाय. ह्यो... ह्यो कशाला बनवला कुणास ठाऊक."

"ह्याला लई खप आहे!"

"असंल. घेणाऱ्याला इलाज नसंल."

तीस वर्षं झाडू विकलेल्या माणसानं तीस वर्षांत एकदाही झाडू हातात धरून जमिनीवर ओढला नव्हता, हे त्यांना त्या सकाळी पहिल्यांदा जाणवलं. शेवटी लक्ष्मणरावांनी आपल्या सामानाच्या खोलीतला काथ्याचा रुंद ब्रश आणि त्यामागे ओढायचं ओलं गोणपाट काढून दिलं. हिम्मतराव दुकानात परतले, तेव्हा एका गिऱ्हाइकाला त्यांनी वीस मिनिटं कोणता झाडू कशासाठी हे समजावून सांगितलं आणि तो काही न घेताच निघून गेला.

मंगळवारी तेलाचा डाग घेतला. तेल प्यायलेली माती पाणी धरत नाही आणि बांधलीही जात नाही, म्हणून वीतभर खोल सगळी उकरून बाहेर टाकायची होती. कुदळीच्या प्रत्येक घावासरशी सालनाचा वास येत होता. शेंगदाणे, तीळ, चिंच. गुरुवारी याच सालनाची हिम्मतरावांनी व्याह्यांसमोर तोंड भरून तारीफ केली होती. "आणखी तेल सोडा, कंजूषी नको," असं आचाऱ्याला सांगितलेलंही त्यांना आठवलं. ते मुकाट्यानं खणत राहिले. अकरा गोण्या माती निघाली. तेवढीच नवी चाळून, मिसळून भरायला बुधवार संध्याकाळ झाली. लक्ष्मणराव एव्हाना बाकावरून उठून जवळ उभे राहू लागले होते, पण हात पाठीशीच.

गुरुवारी सगळ्या कोर्टाला सारखं, हलकं पाणी द्यायचं होतं. नळाला जोर नव्हता म्हणून यादय्याचा टँकर बोलावला. लक्ष्मणराव गवळ्याकडे शेणाचं सांगायला गेले होते, हिम्मतराव दुकानात माल उतरवून घ्यायला. पाइप किशोरच्या हातात होता. तोटी पाइपच्या टोकाला, आणि यादय्या टँकरच्या टपावर उभा राहून बघत होता.

किशोरनं एका बाजूनं फवारा मारत आणला. कोर्ट छान गडद झालं. यादय्या वरून ओरडला, "चालु सार, चालु!"

किशोरनं अंगठा दाखवला आणि पाणी मारत राहिला.

"सार! चालु! चालु!"

किशोरला वाटलं, कमी पडतंय. त्यानं तोटी पूर्ण उघडली. यादय्यानं डोक्याला हात लावला आणि आणखी मोठ्यानं "चालु" म्हणून आरोळी दिली. किशोरनंही आरोळी दिली, "हो, चालूच आहे!" शेवटी यादय्या टपावरून उडी टाकून आला आणि पाइप हिसकावून तोटी बंद केली. तोवर सर्व्हिसच्या चौकोनात पाणी तळ्यासारखं साचलं होतं, आणि नव्यानं भरलेल्या मातीतून बुडबुडे येत होते.

हिम्मतराव आले, त्यांनी बघितलं आणि ते बाकावर बसले.

"काका, तो चालू चालू म्हणत होता," किशोर रडकुंडीला येऊन म्हणाला. "मी तरी काय समजायचं?"

"तेलुगूत चालु म्हणजे पुरे, बाबा. पुरे! दोन वर्षं झाली तुला इथं, भाजीवाल्याकडं काय करतोस तू?"

"ऑनलाइन मागवतो."

हिम्मतरावांना इतक्या संतापातही हसू फुटलं आणि मग ते आवरेना. यादय्याही हसायला लागला. लक्ष्मणराव फाटकातून आत आले, तेव्हा त्या चिखलाकडे पाहून तिघं जण डोळे पुसत होते.

लक्ष्मणराव हसले नाहीत. चपला काढून ते काठाशी बसले, बोट चिखलात रोवून खोली बघितली आणि म्हणाले, "कोणी पाय टाकायचा नाही. सूर्य आपलं काम करंल. उद्या दुपारपर्यंत काही म्हणता काही करायचं नाही."

हे काम हिम्मतरावांना आतापर्यंतच्या सगळ्या कामांपेक्षा जड गेलं. शुक्रवारी सकाळी ते सवयीनं पाचला आले आणि बाकावर बसून राहिले. नऊ वाजले, कोर्टाच्या मधोमध अजून ओल चमकत होती. नऊ जागी भरलेली माती बोटभर खचलेली इथूनही दिसत होती. शेजारी लक्ष्मणराव बसले होते. किशोर आज आला नव्हता. लाजेनं असेल किंवा मीटिंगमुळं.

"लक्ष्मणराव," हिम्मतराव शेवटी म्हणाले, "चुकलं माझं. कोर्टाचं एवढं असतं हे माहीतच नव्हतं मला. वीस वर्षं खेळतोय इथं."

"खड्ड्याचं मला काही वाटलं न्हाई," लक्ष्मणराव समोर बघत म्हणाले. "माती हाय. आज निघाली, उद्या भरतेय. फोन केला असता तर मीच सांगितलं असतं, खांब लायनीच्या बाहेर घ्या, आत पिंपांत वाळू भरून त्यात उभे करा. चुली फाटकाबाहेर. एवढंच की."

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं मला."

"पोरीच्या कार्याला मी नाही म्हणंन?"

लक्ष्मणरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तेजू ह्या भिंतीच्या कडेनं सायकल शिकली. मागून धरायला मीच होतो, तुम्ही खेळत होता. शाळेतून आली की ह्याच नळावर पाणी प्यायची. मी नांदेडला जायच्या आधी तुम्ही म्हणलात, हॉलवर कार्य हाय, पत्रिका छापून आली की देतो. मी म्हणलं, देतील. पुढं काही न्हाईच. कार्याच्या रात्री नांदेडला पुतण्यानं फोनवर फोटो दाखवला, कुणाच्या तरी स्टेटसवर आलेला. तेजू नटून उभी हाय, अन् तिच्या पायाखाली माझी लाइन. कार्य माझ्या अंगणात झालं, अन् मला कुणी बोलावलं न्हाई."

हिम्मतरावांचा चेहरा उतरला. पत्रिकांचा गठ्ठा हॉल बदलल्यामुळे तसाच घरी पडून राहिला होता. सगळ्यांना त्यांनी फोन करून नवी जागा कळवली होती. लक्ष्मणरावांनाच तेवढा फोन केला नव्हता. कोर्टाचं विचारावं लागेल म्हणून. एक प्रश्न टाळायच्या नादात आमंत्रणच राहून गेलं होतं, आणि आठ दिवस त्यांना वाटत होतं की म्हातारा खड्ड्यांवरून रागावलाय.

ते तसेच उठले आणि घरी गेले. अर्ध्या तासानं परत आले ते त्रिवेणीबाई आणि तेजश्री यांना घेऊनच. तेजश्रीच्या हातात पेढ्यांचा डबा होता. ती वाकून नमस्कार करायला गेली, तर लक्ष्मणराव घाईघाईनं उठून म्हणाले, "अगं, राहू दे, माती हाय इथं."

"काका, साखरपुड्याला तुम्ही नव्हता म्हणून मी बाबांशी दोन दिवस बोलले नाही," तेजश्री म्हणाली. "ते म्हणाले, तुमची गाडी चुकली."

लक्ष्मणरावांनी हिम्मतरावांकडे बघितलं. हिम्मतराव कोर्टाकडे बघू लागले.

"चुकली होती जरा," लक्ष्मणराव म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला. "नवरा काय करतो तुझा? खेळतो का काही?"

"कॅरम."

"चालंल. बोर्डावर पावडर टाकतो, म्हणजे त्यालाबी धूळ कळती म्हणायची," ते म्हणाले आणि आठ दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणानं हसले.

दुपारी त्यांनी कोर्टाच्या कडेला अंगठा दाबला. ठसा नीट उठला आणि बोटाला माती चिकटली नाही. "चला," म्हणत त्यांनी बाह्या सारल्या आणि हिम्मतरावांच्या आधी स्वतःच धुम्मस उचललं. खचलेल्या नऊ जागा दोघांनी मिळून भरल्या. संध्याकाळी किशोर ओशाळून आला, त्याला लक्ष्मणरावांनी रुळाला जुंपलं. दगडी रूळ, दोघांनी ओढायचा. आधी उभा, मग आडवा, मग पुन्हा उभा. शनिवारी सकाळी पुन्हा तेच. उन्हं तापल्यावर शेण पाण्यात पातळ कालवून कोर्टभर हात फिरवला, तशी वरची माती घट्ट बसली आणि रंगाला एक मऊ झाक आली. संध्याकाळी खिळे ठोकून दोरी ताणली. एक टोक तेजश्रीनं धरलं होतं, दुसरं किशोरनं, आणि हिम्मतराव चुन्याचं डबडं घेऊन मधे चालत होते. मधली रेघ पहिल्यांदा वाकडी आली. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनीच ती पुसली आणि पुन्हा मारली.

रविवारी सातला हिमायतनगरची मंडळी आली. त्यांचे कॅप्टन अरविंद, निवृत्त बँक मॅनेजर, उंच, पांढरेशुभ्र कपडे. त्यांनी कोर्टात पाय ठेवला तोच हिम्मतराव आडवे आले.

"अर्धा तास थांबा. दव पडलंय. उन्ह येऊ द्या."

"अहो हिम्मतराव, मागल्या वर्षी तर तुम्ही पावसातसुद्धा खेळा म्हणत होतात!"

"मागल्या वर्षी मला काही कळत नव्हतं."

साडेसातला खेळ सुरू झाला. पहिला सामना मैत्री क्लबनं जिंकला, दुसरा हिमायतनगरनं. तिसरा हिम्मतराव आणि किशोरचा, अरविंद आणि त्यांच्या जोडीदाराविरुद्ध. बाकांवर तीस-चाळीस माणसं जमली होती, त्रिवेणीबाई पहिल्यांदाच सामना बघायला आल्या होत्या. लोकांना दोन गोष्टींचं नवल वाटलं. कोर्ट कुठंही दगा देत नव्हतं, आणि हिम्मतराव पळत होते. आठवडाभराच्या कुटण्यानं त्यांचं चार किलो वजन उतरलं होतं, आणि कुठल्या जागी चेंडू किती उसळेल हे त्यांना जणू पायांनी कळत होतं.

शेवटचा सेट टायब्रेकरपर्यंत गेला. टायब्रेकरमध्येही सहा-सहा. हिम्मतरावांनी नेटजवळून एक चेंडू असा कापला, की तो अरविंदच्या डावीकडून जाऊन बाजूच्या रेघेपाशी पडला.

"सुंदर!" अरविंद म्हणाले. "आत आहे. सात-सहा, मॅच पॉइंट तुमचा."

टाळ्या सुरू झाल्या. किशोर मुठी आवळून नाचला. पण हिम्मतराव नेटला वळसा घालून पलीकडे गेले आणि रेघेपाशी गुडघ्यावर बसले. मातीत चेंडूचा ठसा उठला होता, गोल, नितळ, कडा जराही न फाटलेला. ठसा आणि पांढरी रेघ यांच्यामध्ये करंगळीएवढी माती होती.

"लक्ष्मणराव!" ते आनंदानं ओरडले. "हे बघा! काय ठसा उठलाय! एक कण सुटला नाही!"

लक्ष्मणराव बाकावरून आले, वाकले. "सुरेख," ते म्हणाले. "बाहेर हाय."

"हौ, बाहेरच आहे की." हिम्मतराव उठले. "अरविंदराव, चेंडू बाहेर. सात-सहा तुमचे."

किशोर जमिनीवरच बसला. "काका! ते स्वतः आत म्हणतायत!"

"रेघ मी मारलीय ना? मला माहीत नसणार होय?"

पुढचा चेंडू किशोरनं नेटमध्ये घातला. सलग सातव्या वर्षी कप हिमायतनगरला गेला. पण टाळ्या कुणासाठी होत्या हे सांगणं अवघड होतं, कारण अरविंदनी कप हातात घेतला तो हिम्मतरावांना मिठी मारत, आणि त्यांचे दोन खेळाडू अजूनही त्या ठशापाशी वाकून फोटो काढत होते.

नंतर सगळ्यांनी भिंतीच्या सावलीत बसून त्रिवेणीबाईंनी करून आणलेला उपमा खाल्ला. अरविंद बशी घेऊन हिम्मतरावांजवळ आले.

"आमच्या कोर्टाची पापडी सुटते हो. वरून पोपडे निघतात. नवीन माणूस ठेवला, काही उपयोग नाही. तुम्ही काय वापरलंत?"

हिम्मतरावांनी बशी खाली ठेवली. "त्याचं असं आहे," ते जुन्याजाणत्या माणसाच्या थाटात म्हणाले, "सुरखी कमी पडते तुमची. सुरखी दुप्पट करा."

"दुप्पट केली तर वाळवंट होईल," लक्ष्मणराव पलीकडून म्हणाले. "पाणी भर दुपारी मारत असतील. संध्याकाळी मारायला सांगा."

"पण सुरखीचाही प्रश्न असेलच की."

"कोर्ट बघितल्याबिगर कसं सांगता तुम्ही?"

"मग बघून येऊ!"

"चला, बघून येऊ."

दुपारी चारला हिम्मतरावांची स्कूटर काचीगुड्यातून निघाली. मागे लक्ष्मणराव बसले होते, मांडीवर काथ्याचा ब्रश आडवा धरून, आणि बर्कतपुऱ्याच्या सिग्नलला उभ्या असलेल्या लोकांना दोघांचा वाद स्पष्ट ऐकू येत होता.

"मी सांगतो, सुरखीच."

"पाणी. हिरवा झाला, चला."